भीती आणि भाव

कोंबडीची भीती माणसाच्या मनात किती दिवस टिकते, हे डॉक्टरांना विचारू नये, चिकनवाल्याला विचारावं. आमच्या कोपऱ्यावरचा चिकनवाला गिऱ्हाईक नसलं की मोकळेपणाने बोलतो. "पंधरा-वीस दिवस घाबरतात साहेब. मग भाव उतरतो, आणि तेच लोक येऊन दोन-दोन किलो घेऊन जातात." त्याच्या मते रोगाची साथ कधी संपली हे सरकारच्या आधी त्याच्या तराजूला कळतं.

2006 च्या फेब्रुवारीपर्यंत नवापूर हे नाव लोकांना माहीत असलंच तर रेल्वे स्टेशनमुळे. ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्या फेब्रुवारीत देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला. नखशिखांत झाकलेली माणसं, पोल्ट्रीच्या शेड, खड्ड्यात पुरलेल्या कोंबड्या, हे सगळं टीव्हीवर दिवसभर दिसायचं. नंदुरबार जिल्ह्यात कोंबड्या मेल्या आणि पार कोल्हापूरकडे लोकांनी रस्सा सोडला. मग पुढारी कॅमेऱ्यासमोर तंगडी तोडताना दिसू लागले. त्याचा उपयोग किती झाला कोण जाणे. त्यांना काही झालं नाही म्हणजे आपल्यालाही होणार नाही, असं काहींना वाटलं. बाकीच्यांचं म्हणणं, त्यांना कशानेच काही होत नाही.

2020 मध्ये तर कोंबडीचा काडीचा संबंध नव्हता. चिकनने कोरोना होतो, असा एक मेसेज फिरला आणि मार्च उजाडेपर्यंत पोल्ट्रीवाले रस्त्यावर आले. खाद्याचा खर्चही निघेना म्हणून शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात एका पोल्ट्रीवाल्याने जिवंत कोंबड्या खड्ड्यात लोटल्या. तिकडे उत्तर प्रदेशात फणस चिकनपेक्षा महाग झाला, कारण बिर्याणी तर हवीच होती.

गंमत अशी, की आपण ज्याला घाबरतो तो शिजलेला रस्सा हा त्या सगळ्या साखळीतला सर्वांत निरुपद्रवी भाग. बर्ड फ्लूचा विषाणू सत्तर अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि आपल्याकडे कोंबडी रटरट शिजते. हाडापासून मांस सुटल्याशिवाय आपल्याला ती शिजली असं वाटतच नाही. हा रोग माणसांना झाला तो बहुतेक आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांना हाताळणाऱ्यांना. म्हणजे धोका पातेल्यात जाण्याआधीचा. पण बातमी आली की आपण पातेल्याकडेच संशयाने बघतो, आणि ओट्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

ओट्यावर काय चालतं ते बघा. चिकनची पिशवी उघडली की ती थेट नळाखाली. धार मोठी, कारण धुतल्यासारखं वाटलं पाहिजे. पाणी मांसावर आपटून उडतं ते शेजारी धुऊन ठेवलेल्या कोथिंबिरीवर, पाण्याच्या हंड्यावर, पोळपाटावर. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सुखाने राहतो. कोंबडीला त्याचा काही त्रास नसतो, माणसाला मात्र तो थोडासाही पुरतो. त्याच सुरीने, नुसती पाण्याखाली धरून, काकडी चिरायची आणि कोशिंबीर करायची. रस्सा तासभर उकळणार, कोशिंबीर कोण उकळतंय?

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत हाच जंतू निघाला. मुख्य संशय होता तो पाण्यावर. शहरानं मात्र आधी चिकन सोडलं, मग पनीर. पाणी कसं सोडणार?

एकदा घरी म्हणून बघितलं, की चिकन धुऊ नये, जंतू धुतल्याने मरत नाहीत, शिजवल्याने मरतात. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य मी गिळलं. "न धुता? भावजी, तुमच्या ताटात वाढू न धुता?" पुरावा इथे हरतो, आणि त्यात नवल काही नाही. धुणं हे आपल्याकडे पाण्याचं काम कमी आणि मनाचं जास्त. शेवटी तडजोड झाली. नळाऐवजी पातेल्यातल्या पाण्यात, हलक्या हाताने. मोरी, सुरी आणि हात साबणाने. आणि कोशिंबीर आधी करून झाकून ठेवायची. एवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

दुधाचं तर आणखी वेगळं. 2022 मध्ये गुरांना लंपी आला तेव्हा कित्येक घरांत दूध घ्यावं की नाही यावर चर्चा झडल्या. तो रोग माणसाला होतच नाही. माणसाला होतो तो ब्रुसेलोसिस, कच्च्या दुधातून. ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि गोठ्यापर्यंत माग काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. कच्च्या दुधाचं नाव मात्र आपल्याकडे किती गोड! धारोष्ण.

आमच्या काकांनी बर्ड फ्लूची बातमी वाचून चिकन बंद केलंय. गावी गेले की मात्र पहाटे गोठ्यात पेला घेऊन उभे असतात. मागे मी म्हटलं, "काका, निदान उकळून तरी घ्या."

"उकळल्यावर त्यात जिवंत काय राहतं रे?" काका म्हणाले.