एम. एच. चोवीस

"मॅडम, माझ्या गाडीचा नंबर कशाला लिहून घेताय?"

रात्रीचे दोन वाजून गेले होते. कोथरूडमधल्या त्या गल्लीत मी आणि माझा सहकारी हातात पॅड आणि टॉर्च घेऊन एकेक गाडी टिपत चाललो होतो. आवाज वरून आला. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक तरुण उभा होता. दोन मिनिटांत तो पायजम्यावरच खाली आला आणि आपल्या पांढऱ्या गाडीला पाठ लावून उभा राहिला. चिडलेला नव्हता, घाबरला होता. गाडी उचलून नेणार, अशी त्याची समजूत झाली होती.

मी त्याला समजावलं. आम्ही पोलीस नाही, महापालिकेचेही नाही. वाहतूक नियोजनाचं काम करतो. गल्लीतल्या चार सोसायट्यांनी मिळून पार्किंगची मोजणी करून मागितली आहे. त्याने माझ्या हातातल्या तक्त्यावर टॉर्चचा उजेड पडला होता तिथे पाहिलं. त्याच्या नंबरापुढच्या रकान्यात मी लिहिलं होतं : 'बाहेरची'.

"बाहेरची म्हणजे?"

गाडी एम. एच. चोवीसची, म्हणजे लातूरची होती. मोजणी सुरू करताना आम्ही सोपी पद्धत ठरवली होती. एम. एच. बारा आणि चौदा म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड, ते स्थानिक. बाकीच्या पाट्या बाहेरच्या. रात्री दोनला दार वाजवून कोणाला विचारता येत नाही, म्हणून ही खूण धरली होती.

"मी इथंच राहतो ताई. चार वर्षं झाली. भाड्यानं आहे, पण इथंच राहतो. गाडी वडिलांच्या नावावर आहे."

मी रकान्यातला शब्द खोडला. तो वर गेला तरी बराच वेळ गॅलरीत उभा राहून आमच्याकडे बघत होता.

हे काम आमच्याकडे आलं ते भांडणामुळे. गल्ली पौड रोडपासून आत, मेट्रोच्या आयडियल कॉलनी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ती रुबी हॉलपर्यंत गेली, आणि मग सकाळी गाडी गल्लीत लावून मेट्रोने कामाला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. रहिवासी दूध आणायला जाऊन परत आले की जागा गेलेली. मग कुंड्या आल्या. सिमेंट भरलेले डबे आले, मध्ये खोचलेल्या लोखंडी गजासकट. 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' अशा पाट्या तर होत्याच. एकाची हवा खरोखर सोडली गेली, तो मेट्रोने परत येऊन थेट भांडायला उभा राहिला, आणि प्रकरण चौकीपर्यंत गेलं.

त्यावर रहिवाशांनी काढलेला तोडगा म्हणजे परमिट. प्रत्येक फ्लॅटला एका चारचाकीचं स्टिकर, स्टिकर नसलेली गाडी गल्लीत लावायची नाही, लावली तर टोइंग. वाहतूक शाखेकडे आणि क्षेत्रीय कार्यालयात तसा अर्ज द्यायचा. सोबत आकडे असावेत म्हणून मोजणी.

मागणी मला अवाजवी वाटली नव्हती. जगात अनेक शहरांत रहिवासी परमिट आहेत. बंगळुरूच्या २०२१ मध्ये मंजूर झालेल्या पार्किंग धोरणात घरासमोर रस्त्यावर गाडी लावायला वार्षिक परवाना धरलेला आहे, लहान गाडीला १,००० रुपये आणि मोठ्या एसयूव्हीला ५,००० रुपये. पुण्यातही २०१८ साली महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, पाच रस्त्यांवर प्रयोग करायचा असं ठरवून. त्यामुळे आपण एका चांगल्या कामाला हातभार लावतोय, असंच त्या रात्री दोनपर्यंत माझ्या मनात होतं.

मोजणीची रीत थोडी सांगते. रात्री दोन ते चार या वेळात रस्त्यावर उभी असलेली गाडी ही बहुतेक तिथे मुक्कामाला असते. ती रहिवाशांची गरज. मग सकाळी आठपासून दर तासाला तेच नंबर पुन्हा बघायचे. कोणता गेला, कोणता नवा आला, कोणता किती तास थांबला. याशिवाय आम्ही सोमवारीच प्रत्येक चारचाकीच्या एका चाकावर, टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे, खडूची बारीक रेघ मारून ठेवली होती. गाडी हलली की रेघ वर-खाली सरकते. गुरुवारीही ती जागच्या जागी असेल, तर गाडी तीन दिवसांत हललेली नाही.

पहाटे पाचला चहाच्या गाडीवर बसून आम्ही रात्रीचे आकडे जुळवले. चारचाकी ७४. चार सोसायट्यांच्या वॉचमनकडे आपापल्या गाड्यांची यादी असते, ती पाहून खात्री केली. त्या लातूरवाल्यासारखे सगळे भाडेकरू धरले, तर ७४ पैकी ६७ गाड्या गल्लीतल्याच होत्या. आमच्या पाटीच्या हिशेबाने 'बाहेरच्या' ठरलेल्या एकोणीस होत्या! सोलापूर, सातारा, धाराशिव, एक नागपूर. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली ही मुलं. सकाळी त्यांच्यापैकीच कोणीतरी गल्लीतल्या एका आजोबांना औषध आणून देतं, हे मला वॉचमनने सांगितलं.

मी परमिटच्या अर्जाचा मसुदा काढून पुन्हा वाचला. आरसी बुकावर गल्लीतला पत्ता हवा. नाहीतर फ्लॅटमालकाचं पत्र आणि सोसायटीचं ना-हरकत. म्हणजे माझ्या रकान्यात जी चूक होती, तीच मसुद्यात होती, फक्त तिला शिक्का मिळणार होता. मला याचं फार वाईट वाटलं. भाडेकरूला वीजबिल नावावर मिळत नाही, मालक पत्र द्यायला टाळतो, सोसायटी कमिटी ना-हरकतीसाठी महिनाभर फिरवते. हे सगळं मला माहीत होतं, मी स्वतः सात वर्षं भाड्याने राहिलेली आहे. तरीही तक्ता करताना ते मला आठवलं नाही.

दिवसाचं चित्र वेगळं होतं. सकाळी अकराला ५८ चारचाकी, त्यातल्या जेमतेम अर्ध्या रात्रीच्या. बाकीच्या मेट्रोवाल्यांच्या, बाजूच्या दवाखान्यात आलेल्यांच्या, एक पाहुण्यांची. म्हणजे बाहेरचे लोक येतात ते खरं, पण येतात तेव्हा गल्लीतल्या निम्म्या गाड्या कामावर गेलेल्या असतात. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या एका तासात मात्र दोघं समोरासमोर येतात. मेट्रोवाले निघत असतात, रहिवासी परतत असतात. भांडणं झाली ती सगळी याच तासातली होती. वॉचमनच्या डायरीतल्या वेळा मी ताडून पाहिल्या.

बैठक रात्री नऊला होती. मी सहालाच टेप घेऊन गल्लीत गेले, कारण एक गोष्ट कागदावर सांगून पटणार नाही हे मला कळत होतं. परमिटचा सगळ्यात जास्त आग्रह धरणारे काका, बँकेतून निवृत्त झालेले, खाली फेऱ्या मारत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, टेपचं एक टोक धरता का?"

आधी रिकाम्या जागी मोजलं. कडेपासून कडेपर्यंत बरोबर सहा मीटर. मग जिथे दोन्ही बाजूंना गाड्या होत्या तिथे गेलो. काका डावीकडच्या गाडीच्या आरशाला टेकून वाकले, मी उजवीकडच्या. आकडा त्यांच्या बाजूला होता.

"दोन मीटर पस्तीस," ते म्हणाले. मग चष्मा वर करून पुन्हा वाचला. "पस्तीसच."

"अग्निशमन दलाचा मोठा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो."

काका टेप धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या मागे अकरा मजली नवी इमारत होती, जुनी तीन मजली सोसायटी पाडून उभी राहिलेली. ते सातव्या मजल्यावर राहतात. काकूंना गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही. हे त्यांनीच मला मोजणीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आत्ता ते काहीच बोलले नाहीत. आम्ही आणखी चार ठिकाणी मोजलं. एका ठिकाणी दोन मीटर पंधरा आलं.

बैठक त्याच इमारतीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे तळाच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. चाळीसेक माणसं. मी आकडे सांगितले. बाहेरची एकही गाडी आली नाही असं धरलं, तरी गल्लीतल्याच ६७ गाड्या राहतात. बंब जायचा तर एकाच बाजूला पार्किंग हवं, आणि गेट, वळणं सोडून एका बाजूला मावतात पस्तीस. परमिट कोणाला द्यायचं, याच्या आधी पस्तीसात सदुसष्ट कशा बसवायच्या, हा प्रश्न आहे.

गलका झाला. "मग आम्ही गाड्या डोक्यावर घेऊन जायच्या का?" मागून एकजण. दुसरे म्हणाले, आता सरकारच पार्किंगचा पुरावा मागणार आहे. त्यांचा रोख मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी केलेल्या घोषणेकडे होता, की जागा असल्याचं दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. पण नव्या गाड्यांचा नियम आधीच उभ्या असलेल्या गाड्यांना जागा देत नाही. एका वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, रस्ता सोसायटीचा नाही, तिथे कोण कुठे थांबणार हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ खाली सरकारने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते. आपण कुंडी ठेवली काय आणि स्टिकर लावलं काय, दोन्ही सारखंच.

मग मी न हललेल्या गाड्यांचा विषय काढला. नंबर सांगितले नाहीत, फक्त संख्या : बारा. तीन दिवसांत बारा गाड्यांची खडूची रेघ हलली नव्हती. नव्या इमारतीचे सेक्रेटरी उठले. त्यांच्याकडे पझल पार्किंग आहे, यांत्रिक, एकावर एक. ते म्हणाले, "चौदा ट्रे रिकामे आहेत आमच्याकडे. लोक वापरत नाहीत. गाडी खाली यायला चार-पाच मिनिटं लागतात म्हणून रस्त्यावर लावतात." त्यांच्या इमारतीतल्या लोकांनी माना खाली घातल्या. जुन्या सोसायटीतल्या एक बाई ताडकन म्हणाल्या, "आम्हाला पार्किंगच नाही, तुम्हाला असून नको, आणि स्टिकर दोघांना सारखं?" माझ्या मते दिवसभरात बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं. १९८०-९० च्या दशकातल्या त्या इमारती स्कूटरच्या काळात बांधलेल्या आहेत. तिथल्या माणसाला पर्याय नाही. पर्याय असलेल्याने आत जावं, ही अपेक्षा मला रास्त वाटते, आणि मी ती बैठकीत तशी बोलून दाखवली.

एवढ्यात खांबाजवळ उभ्या असलेल्या एक मावशी पुढे आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे त्या रात्रपाळी करतात, नऊ ते सकाळी सात. ड्युटीची वेळ झाली होती, तरी थांबल्या होत्या.

"माझी स्कूटी कुठं लावू मग? मी इथं राहत नाही. पण रात्री मी इथंच असते."

आजींचा मुलगा बैठकीतच बसला होता. तो उठून म्हणाला, "मावशी, तुमचं नाव घालू यादीत." पण कसली यादी, आणि पत्ता कुठला घालणार? मसुद्यात अशा माणसाला रकानाच नव्हता. पोळ्यांना येणाऱ्या बाई, फिजिओथेरपिस्ट, इस्त्रीवाला, क्लासला येणारी मुलं, यांनाही नव्हता. आम्ही दुचाक्या मोजल्या होत्या, १३० च्या वर भरल्या, पण त्या कोणाच्या हे विचारलंच नव्हतं. रात्री गॅलरीतून पाहणारा तो मुलगाही मागच्या रांगेत होता. तो काही बोलला नाही. मी मात्र सगळ्यांसमोर सांगितलं की पहाटे मी एका रहिवाशाला बाहेरचा ठरवलं होतं, आणि हा मसुदा तसाच राहिला तर वाहतूक शाखाही तेच करील.

परमिटचा ठराव झाला नाही. एकाच बाजूला, तारखेप्रमाणे आलटून पालटून, सम-विषम पार्किंगची मागणी करायची असं बहुमताने ठरलं. वाहतूक शाखा असा बदल आधी तात्पुरता काढते आणि हरकती-सूचना मागवते, तेव्हा ज्यांचा विरोध आहे त्यांनी तिथे लिहून द्यावं. दवाखान्याजवळची एक पट्टी फक्त दुचाक्यांसाठी मागायची. चौदा ट्रेंबद्दल नव्या इमारतीने स्वतःच्या सभेत ठराव करायचा, तो होईल की नाही मला सांगता येत नाही. संध्याकाळच्या त्या एका तासाचं काय करायचं, हेही राहूनच गेलं. दोघंजण रागाने मध्येच उठून गेले. कुंड्या अजून रस्त्यावरच आहेत.

अकरा वाजता मी टेप गुंडाळत होते. काका जवळ आले. म्हणाले, "आमची दुसरी गाडी त्या बारात असणार. मुलगा परदेशी गेल्यापासून उभीच आहे." मी काही बोलले नाही. त्यांनी टेपकडे हात केला.

"ही दोन दिवस माझ्याकडे राहू दे. मागच्या गल्लीत माझी बहीण राहते. तिथे मोजायचंय."