टायर माझे होते

मंगळवार

सकाळी दाढी करताना फोन वाजला. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या पाटस टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले. म्हणलं बँकेचा काहीतरी घोळ असेल. शाळेत निघेपर्यंत सरडेवाडीचा मेसेज आला. परिपाठाच्या वेळी वरवडे. आठवीच्या तासाला सावळेश्वर. मेसेजात गाडीचा नंबर आपलाच, लातूरचा, एमएच चोवीसचा. आपला म्हणजे, आता आपला कसला.

जुनी घेतलेली गाडी चोरीची निघाली, पोलिसांनी जप्त केली, टॅग काचेवरच राहिला. जप्तीच्या पंचनाम्यात स्टेपनी लिहिली, जॅक लिहिला, मागच्या सीटवरची उशीसुद्धा लिहिली. टॅग कुणाला दिसलाच नाही. पुण्याच्या कोर्टानं सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लिहून घेऊन, गाडी मूळ मालकांच्या ताब्यात दिली तेव्हा तो तसाच गेला. त्यांनी नवा काढला नसेल, नाहीतर काढूनही नाक्यावरचं मशीन आधी माझाच वाचत असेल.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. रक्कम बघायला गेलं तर किरकोळ. सव्वाचार लाख गेले म्हणून कळलं त्या रात्री मी जेवलो होतो, झोपलो होतो, दुसऱ्या दिवशी घटक चाचणीचे पेपरही तपासले होते. आणि आज शे-दीडशेच्या कपातीनं डोकं सणकलं.

टायरचंही तेच. 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत चारही नवे टाकले, बॅटरीही त्याच आठवड्यात. पोलीस घरी आले तेव्हा टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा पुरते झिजले नव्हते. कोर्टात सगळे चासी नंबर, इंजिन नंबर बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच, टायर माझेत. वकिलांच्या कानात तसं बोललोही. त्यांनी असं बघितलं की पुन्हा तोंड उघडलं नाही.

लोकांचा प्रश्न ठरलेला. "सर, कागदपत्रं बघितली नव्हती का?" स्टाफरूममधला झाला, सलूनमधला झाला, परवा गंजगोलाईत भाजी घेताना एका पालकानंही विचारलं. बघितली होती बाबा. आरसी बघितली, विमा बघितला, कर्जाचा बोजा नाही हे बघितलं, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सह्यांसकट घेतले, फोनवरच्या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितला. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसासुद्धा घेतला. सगळं जुळलं. जुळणारच की. कागद खरेच होते, दुसऱ्या एका स्विफ्टचे. ती अपघातात चेंदामेंदा झालेली, भंगारात निघालेली. चोरांच्या टोळीनं ते भंगार कागदांसाठी घेतलं, पुण्याकडून त्याच रंगाची गाडी उचलली, तिचा नंबर घासून त्यावर हा ठोकला. ॲप तरी काय सांगणार, त्याला विचारलेला नंबर चोरीचा नव्हताच.

प्रयोगशाळेचा माणूस आला तो दिवस विसरत नाही. बॉनेट उघडलं, काचेखालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत केला आणि कापसाच्या बोळ्यानं कसलंतरी रसायन हळूहळू फिरवत बसला. बराच वेळ काही नाही. मग आमच्या नंबराच्या खालून दुसरे आकडे वर यायला लागले. आधी एक सात, अर्धवट. मग शेजारचा शून्य. ती म्हणाली, "अहो, चला आत." मी हललो नाही. त्यानं फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या, पाणी मागितलं.

विकणाऱ्याचं म्हणणं, "सर, मीपण फसलोय." फसलेल्या माणसानं औसा रोडला नवा बोर्ड लावलाय. तीन लाख त्याच्या खात्यावर आरटीजीएसनं गेले त्याचा पुरावा आहे, बाकी रोख. रोखीचं तो हसून म्हणतो, कसली रोख? मध्ये मी गयावया करून त्याच्याकडून पन्नास हजारांचा चेक काढला, तो परत आला. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाली की त्याला पंधरा दिवस, मग कलम 138 ची, चेक न वटल्याची केस. हे आता मला पाढ्यासारखं पाठ आहे. पोलीस ठाण्यात आधी हद्दीवरून टोलवाटोलवी झाली, मग फसवणुकीचा गुन्हा एकदाचा नोंदवला. गाडी 2023 च्या दसऱ्याला घेतलेली, म्हणजे न्याय संहिता यायच्या आधीचा व्यवहार, म्हणून जुनं 420 लागलं. नवं 318 लागलं असतं तर गावात कुणाला कळलंही नसतं. चारशेवीस म्हणलं की निदान समजावून सांगावं लागत नाही.

दाजींबद्दल लिहीत नाही. आक्काकडं बघून गप्प आहे.

वकील चांगले आहेत, ओरडत नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, जे त्याचं नव्हतंच ते तो तुम्हाला विकणार कसं? 1930 चा मालविक्री कायदा आहे." मग माझं तोंड बघून म्हणाले, त्याच कायद्यात कलम 14 पण आहे, हक्क नसताना विकलं तर दिलेली किंमत परत मागता येते. दाव्याला मुदत तीन वर्षं. पुण्याच्या कोर्टात त्यांच्या वकिलानं सुंदरभाई अंबालाल देसाईचा निकाल काढला. सुप्रीम कोर्टानं 2002 मध्येच सांगितलंय की जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात सडवत ठेवू नका, लवकर सोडा. माझाही अर्ज होता. त्याच निकालाचा आधार माझ्याही अर्जात होता. पण मूळ आरसी त्यांच्या नावावर, चोरीची फिर्याद त्यांची. न्यायाधीशांनी तरी वेगळं काय करावं?

ते गृहस्थ वाईट नाहीत, हीच अडचण आहे. वाईट असते तर टायरचा राग कुठंतरी ठेवता आला असता. ओळख पटवताना त्यांनी सांगितलं, मागच्या डाव्या दाराच्या काचेवर आतून अस्वलाचं स्टिकर आहे, मुलानं लावलेलं. ते अस्वल आमच्या पोरीनं नखानं खरवडून अर्धं काढलं होतं. एक कान आणि पोट उरलेलं. त्यांच्या मिसेस तेवढ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी दुसरीकडं बघितलं. जाताना ते माझ्याजवळ आले, म्हणाले, "गाडी छान ठेवलीत हो तुम्ही." बस. टायरचं अवाक्षर नाही. चाकाकडं नजर गेली नसेल असं कसं म्हणू? चावी हातात आली की माणूस आधी गाडीभोवती एक फेरी मारतोच.

बघा, पुन्हा टायर.

मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि तामलवाडीचा मेसेज आला. मग मात्र पेटली. सोलापूर सोडून तामलवाडी म्हणजे तुळजापूर. आज मंगळवार, देवीचा वार. घरी फोन लावला तर ती शांतपणे म्हणाली, "नवस फेडायला आले असतील. गाडी सापडू दे म्हणून बोलले असतील."

मी तिथंच हसलो. सानप सरांनी डब्यातून मान वर करून बघितलं. कारण गाडी घेतल्यावर आम्हीही पहिली तुळजापूरलाच नेली होती. ओटी भरली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. माय, गाडीवर लक्ष असू दे म्हणून हात जोडले होते. ठेवलं की तिनं लक्ष. बरोबर मालकाच्या दारात नेऊन सोडली. आता तिनं तरी कुणाचं ऐकायचं होतं, दोघंही तिचीच लेकरं. आणि त्यांच्या नवसाला पाटसपासून टोल मी भरलाय, तेव्हा थोडंफार पुण्य इकडंही वळायला हरकत नसावी.

टॅग बंद करायला एक फोन पुरे होता. केला नाही. देवाला गेलेल्या माणसाला परतीच्या वाटेवर कशाला अडवा. तशीही शिल्लक इंदापूरच्या पुढं टिकणार नाही.

संध्याकाळी वकिलांचा फोन. दाव्यात गाडीच्या किमतीशिवाय तुम्ही केलेला खर्चही घालू, विमा, दुरुस्ती, बिलं असतील ती आणा. म्हणलं, टायर? म्हणाले, टायरसुद्धा. हे कोर्टातच सांगायचं होतं की मग.

जेवणं झाल्यावर कपाट उपसलं. ती दारात उभी राहून नुसती बघत होती. बिल पोरीच्या लसीकरणाच्या कार्डात सापडलं. जीएसटीसकट पक्कं बिल आहे, वर गाडीचा नंबर, माझं नाव, चार टायर. खाली अलाइनमेंट. त्याच्या खाली चार वॉल्व्हचे वेगळे पैसे लावलेत. तो पठ्ठ्या तेव्हा म्हणाला होता, वॉल्व्ह आपल्याकडून फ्री सर.

उद्या शाळा सुटली की आधी त्याच्याकडं जातो, मग वकिलांकडं.