तुम्ही विचारलंत म्हणून: नऊ वर्षं दुबई करून शिल्लक काय राहिलं?

सोलापुरात अशोक चौकात चहाला थांबलं की कुणी ना कुणी विचारतंच, "काय बे, नऊ वर्षं दुबई केलास, शिल्लक काय आहे?" नातेवाईक जरा आडून विचारतात, जागा-बिगा घेतली का म्हणून. राग येत नाही, पण उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून एकदा नीट लिहितो.

2014 ला गेलो, आयटीआय इलेक्ट्रिशियन म्हणून. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई विड्या वळायची. आता नियमानं एजंटला 30 हजार आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, माझ्याकडनं तेव्हा 85 हजार घेतले, पावती नाही काही नाही. त्यातले 60 हजार शेकडा तीननं उचललेले, म्हणजे महिन्याला 1800 नुसतं व्याज, मुद्दल तसंच.

राहायला सोनापूर, दुबईतली कामगारांच्या कॅम्पची वस्ती. माझे मामा जुने गिरगावकर, त्यांच्या बोलण्यात सोनापूर म्हणजे स्मशान, फोनवर नाव ऐकून एकदम गप्प झाले होते. एका खोलीत आठ जण. बेसिक म्हणजे मूळ पगार 1000 दिरहम, ओव्हरटाइम धरून चौदाशे-पंधराशे, त्यातले 1000 घरी.

आता एक गोष्ट जी इथं कुणाच्या लक्षात येत नाही. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1 डॉलरला 3.67, तो हलत नाही, हलतो आपला रुपया. मी गेलो तेव्हा 1000 दिरहमचे साडेसोळा हजाराच्या आसपास यायचे आणि 2023 ला परत आलो तेव्हा साडेबावीस हजाराच्या आसपास, त्यामुळं घरी वाटायचं पोराचा पगार वाढतोय. माझा बेसिक शेवटपर्यंत 1000 च होता. इकडं गॅस, तेल, फी सगळंच वाढत होतं त्यामुळं वाढीव पैसे त्यातच गेले, पण आकडा मोठा दिसला की मागणंही मोठं होतं, हे खोटं कशाला बोलू. आधी कर्ज फिटलं, मग बहिणीचं लग्न, मग घरावर स्लॅब, मग वडिलांचा दमा, आयुष्यभर सुताची धूळ छातीत गेलेली, त्याची औषधं आणि दोनदा ॲडमिट. चुलतभावाची डिप्लोमाची फी पण दिली, ती कुणी मागितली नव्हती, मीच फुशारकीत हो म्हटलं होतं आणि एकदा हो म्हटल्यावर तीन वर्षं मागं घेता आलं नाही.

पैशापेक्षा फोनचं ओझं जास्त होतं. तिकडची वेळ दीड तास मागं, इथं साडेपाचला उठून आईनं फोन केला की तिकडं पहाटेचे चार, आणि त्या वेळेला फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. आई पैशाचं बोलायच्या आधी जरा थांबायची. त्या थांबण्यावरनं मला कळायचं किती लागणार आहेत. चार-पाच हजाराचं असेल तर "जेवलास का" विचारून लगेच सांगून टाकायची, आणि वडिलांनी आधी फोन घेऊन हवापाण्याचं बोलून मग आईकडं दिला की समजायचं, मोठं काहीतरी आहे. मी कधीच नाही म्हटलं नाही. खोलीतल्या एका केरळच्या मित्राकडनं उसने घ्यायचो, पाठवायचो, आणि मग दोन-दोन महिने रात्री नुसतं खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, नि दही. घरी सांगायचो चिकन बिर्याणी असते. तिकडं 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं, तेवढ्या वेळात बाकीचे झोपायचे आणि मी पुठ्ठ्यावर पडून मोबाईलवर बेरजा करत बसायचो. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे व्हिडिओ यायचे, ते मी बघायचोच नाही.

तर शिल्लक. ग्रॅच्युइटी मिळाली, पहिल्या पाच वर्षांचे वर्षाला 21 दिवसांचा पगार, पुढचे वर्षाला 30 दिवसांचा, ते पण फक्त बेसिकवर. चांगले 225 दिवस भरले, 7500 दिरहम, इथं पावणेदोन लाखाच्या आतच. त्यातनं ड्रिल मशीन, टूलकिट आणि एक जुनी गाडी घेतली, आता वायरिंगची कामं करतो. एवढंच. दिलं त्याचं दुःख खरंच नाही, बहीण सुखात आहे, वडील अजून आहेत. चुकलं ते हे की पगार किती, खर्च किती हे मी एकदाही घरी उघडं केलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही, दोन्हीकडनं एकमेकांना जपत बसलो.

गेल्या महिन्यात विडी घरकुलमधला, म्हणजे इथल्या विडी कामगारांच्या वसाहतीतला एक पोरगा आला, पुढच्या महिन्यात शारजाला चाललाय, काय काय न्यायचं विचारायला. मी त्याला म्हटलं बॅगेचं नंतर बघू, आधी घरी चल. त्याच्या आईसमोर बसून त्याच्याच ऑफर लेटरच्या मागं लिहून दाखवलं, मावशी हा बेसिक, ही मेस, हा रिचार्ज, हा व्याजाचा हप्ता, आणि खाली राहिलेला आकडा. सुपात विडीची पानं होती, ती बाजूला सारून तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. मला वाटलं आता विचारणार घरी किती येतील.

तिनं मेसच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढ्यात ह्याचं पोट भरतं का रे?"