कवळीची उंची ठरवताना जबड्याच्या स्नायूंची साक्ष : माझा अनुभव

जुनी कवळी झिजून ओठांचे कोपरे वारंवार चिघळू लागले, तेव्हा सांगलीतील एका दंत महाविद्यालयात मी नवी कवळी करून घेतली. हिरड्यांची मापे लवकर उरकली. खरा वेळ गेला तो वरच्या आणि खालच्या जबड्यात अंतर किती ठेवायचे, हे ठरवण्यात.

नाकाच्या शेंड्यावर व हनुवटीवर ठिपके देऊन डॉक्टरांनी मला आवंढा गिळून जबडा सैल सोडायला सांगितले. विश्रांतीच्या या स्थितीत दात एकमेकांना टेकत नाहीत, साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहते. म्हणून ठिपक्यांमधील अंतरातून तेवढे वजा केले की दात मिटल्यावरच्या उंचीचा अंदाज येतो. मात्र ‘सैल सोडा’ म्हटले की माणूस जबडा हमखास आवळतो, आणि माझे माप दर वेळी निराळे येत होते.

तेव्हा गालातील मॅसेटर आणि कानशिलावरील टेम्पोरॅलिस या जबडा मिटवणाऱ्या स्नायूंवर इलेक्ट्रोड चिकटवण्यात आले. स्नायूंमधील मायक्रोव्होल्टइतकी सूक्ष्म विद्युत हालचाल पडद्यावर रेषेच्या रूपात दिसू लागली. दात आवळले की ती उसळे, जबडा खरोखर सैल झाला की निवे. ती निवलेली असतानाच डॉक्टर माप घेत.

रेषा सर्वांत शांत होईल तीच योग्य उंची, असे कोणालाही वाटेल. पण ती शांतता एका बिंदूवर नसून बऱ्याच मोठ्या टप्प्यात पसरलेली असते, आणि नेहमीच्या विश्रांतीपेक्षा तोंड आणखी काही मिलिमीटर उघडल्यावर सर्वाधिक असते, असे डॉक्टरांनी समजावले. तेवढ्या उंचीवर दात बसवले तर बोलताना ते खडखडतील, स्नायू थकतील आणि हिरड्या दुखतील. उंची फार कमी ठेवली, तर हनुवटी नाकाकडे सरकते व ओठांच्या दुमडलेल्या कोपऱ्यांत लाळ साचते, जे मी भोगतच होतो. माझ्या मते यंत्राचा उपयोग साक्षीदाराचा. निवाडा करायचा तो डॉक्टरांनीच.

मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून त्यांनी मला ‘सातारा, सांगली, साखर’ असे म्हणायला लावले. ‘स’ उच्चारताना दोन्ही कडा अगदी जवळ याव्यात, पण टेकू नयेत. माझ्या टेकत होत्या, म्हणून खालची पट्टी थोडी तासली. मेणात दात लावल्यावर हीच परीक्षा पुन्हा झाली, कारण कवळी पक्की झाल्यावर उंची बदलणे फार जिकिरीचे असते.