तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लोअर दबतोय, वरून प्लाय ठोकू का?

जुनी स्की बोट (पाण्यावर स्कीइंग करणाऱ्याला ओढणारी मोटरबोट) घेतलेला माणूस हे हमखास विचारतो. सीटपाशी पाय ठेवला की फ्लोअर दबतो, तर तेवढा तुकडा कापून नवं प्लायवूड बसवलं की भागेल ना? भागेल, पण खालचं लाकूड कोरडं असेल तरच. आणि ते बघायची तयारी फार थोड्यांची असते.

पाणी बहुधा स्क्रूच्या भोकांतून शिरतं. सीट आवळताना भोकात सीलंट भरायचा कंटाळा केलेला असतो, वर कार्पेट ओलं धरून बसतं. खाली पुढून मागे जाणारे, फायबरग्लासने मढवलेले लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे फ्लोअर पेलणाऱ्या तुळया, आणि त्यांच्यामध्ये फोम. फोम भरतात बोट तरंगती राहावी म्हणून. पण वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की तोच पाणी पितो आणि शेजारचं लाकूड सुकू देत नाही.

प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत चला. टणक टक्‌टक् येता येता कुठे ‘ढप्’ आलं की तिथे खूण करा. मग स्ट्रिंगरला बाजूने बारीक भोक पाडा, तळापासून जरा वर. फिकट, कोरडा भुसा आला तर नशीब. काळपट, ओला लगदा आला तर फ्लोअरचा तुकडा विसरा. इंजिन इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, असेल तर ते स्ट्रिंगरला धरून ठेवणारे माउंटचे लॅग बोल्ट (लाकडात पिळलेले जाड स्क्रू) पान्याने आवळून बघा. बोल्ट नुसता फिरतच राहिला, तर इंजिन कशाच्या जोरावर उभं आहे ते तुम्हीच ठरवा.

स्ट्रिंगर बदलायचेच असतील तर सगळे एकदम उपटू नका. बोटीला खालून नीट आधार द्या, मापं लिहून ठेवा, एक पक्का बसला की दुसरा काढा. नाहीतर हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, वाकडं होतं आणि मग इंजिनकडून पंख्याकडे जाणारा शाफ्ट जुळता जुळत नाही. घासताना चांगला रेस्पिरेटर हवाच, फायबरग्लासची धूळ वाईट.

फायबरग्लासचं कापड ज्यात भिजवून चिकटवतात त्या रेझिनवरून लोक भांडतात. मी इपॉक्सीवाला, जुन्या थराला ते पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरतं. मात्र त्यासोबत साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुटक काचतंतूंची चटई) घेऊ नका. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळणारा असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

नव्या प्लायच्या कडा बसवण्याआधीच रेझिनने बंद करा. सीटची भोकं मोठी पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच नवं बारीक भोक घ्या. आणि कार्पेट चिकटवू नका, काढून वाळवता येईल असं टाका.