लागलेल्या भाताचं पाणी

काल रात्री आई भाताच्या पातेल्यात साबणाचं पाणी ओतणार एवढ्यात मी आतल्या खोलीतनं ओरडले, आई थांब गो! तळाला भात चांगला तपकिरी लागला होता. ती बिचारी घाबरलीच, काय झालं म्हणून. मी पातेलं परत गॅसवर ठेवलं, तांब्याभर पाणी ओतून खळखळ उकळलं आणि गाळून तिला कपात दिलं. एक घोट घेऊन म्हणाली, पेजेसारखंच लागतंय, फक्त जरा धुरकट.

मादागास्करमध्ये याला रानुव्हुला म्हणतात. लिहिताना ‘ओ’ लिहितात आणि म्हणताना ‘उ’ म्हणतात, हे कळायलाच मला दोन आठवडे लागले होते. मी आणि हे मिशनच्या कामासाठी तिथे राहतो, अंत्सिराबेला, राजधानी अंतानानारिव्होपासून दक्षिणेला साधारण १७० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंच, त्यामुळे जुलैत अशी थंडी पडते की वास्कोत वाढलेल्या माणसाने दोन स्वेटर घालूनही कुडकुडावं. तिथे लोक तिन्ही वेळा भातच खातात आणि जेवण झालं की त्याच भांड्यात पाणी उकळून तेच पितात. मी पहिला महिनाभर रोज रात्री तो लागलेला भात खरवडून टाकत होते. एकदा शेजारच्या काकूंनी ते बघितलं, तोंडावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःची काळी झालेली किटली घेऊन आल्या, आमच्याच कोळशाच्या शेगडीपाशी बसल्या आणि पाणी कधी ओतायचं, किती उकळायचं ते हाताला धरून दाखवलं. भाषा येत नव्हती ना मला, त्यामुळे सगळं खुणांनीच. तेव्हापासून रोज रात्री मी तेच करते.

सुट्टीवर गोव्याला आल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे प्रेमाने विचारतात, तिकडे किती लोक प्रभूकडे आले? मला काय उत्तर द्यावं कळत नाही, कारण तिथली मंडळी आमच्या कितीतरी आधीची आहे. पहिले प्रोटेस्टंट मिशनरी तिथे १८१८ला पोचले, १८३५ला अख्खं बायबल मालागासी भाषेत छापून झालं आणि त्याच वर्षी राणी रानाव्हालुनाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १८३७ला रासालामा नावाच्या बाईला भाल्याने मारलं, तिने विश्वास सोडला नाही म्हणून. अंतानानारिव्होच्या टेकडीवर, अंबोहिपोत्सीला, तिच्या आठवणीचं चर्च आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा खाली सगळीकडे भातशेती हिरवीगार दिसत होती, अगदी आपल्याकडच्या खाजनासारखी, आणि मला रडूच आलं, ह्यांनी काही न बोलता हात धरला. अशा लोकांना आम्ही काय शिकवणार? आम्ही संडे स्कूल घेतो, हे मुलांना इंग्लिश शिकवतात, मी मुलींना शिवणकाम शिकवते. दिवस भरून जातो, देवाची कृपा.

बाजारात मात्र सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा. पैसे आरिआरीत द्यायचे, पण जुनी माणसं अजून फ्रँकमध्ये भाव सांगतात आणि ५ फ्रँकचा १ आरिआरी, म्हणजे ऐकलेल्या आकड्याला मनात ५ने भागायचं, हातात टोमॅटो, मागे माणसाने ओढायच्या रिक्षावाल्याची हाक, आणि मी भागाकार करतेय. एका आजीने माझ्या तळहातावर नोटा एकेक मोजून दाखवल्या आणि वर एक टोमॅटो जास्त टाकला.

फिरणं म्हणाल तर अंदासिबेच्या जंगलात इंद्री बघितले, काळेपांढरे मोठे लेमूर, माकडासारखे प्राणी, सकाळी एकाने सूर लावला की सगळं रान गातं. पण मला त्याहून जास्त आवडते २५ जूनची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वातंत्र्यदिन, १९६०चा, आणि आदल्या रात्री मुलं कागदाचे कंदील पेटवून रस्त्यावर फिरतात. पहिल्या वर्षी ते बघून म्हापशाच्या मामींच्या घरासमोरचा दिवाळीतला आकाशकंदील आठवला आणि त्या रात्री मी आईला फोन लावला.

गेल्या आठवड्यात आम्ही जुन्या गोव्याला गेलो होतो, एका खास कारणासाठी. १६१३ला गोव्याहून गेलेल्या पोर्तुगीजांनी मादागास्करच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका राजाच्या पोराला जबरदस्तीने उचलून इकडे आणलं. इथे त्याचा बाप्तिस्मा झाला, जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि १६१६ला त्याला परत सोडलं. पुढे तो तिथला राजा झाला, दियान रामाका. जेझुइटांच्या सेंट पॉल्स कॉलेजची आता रस्त्याकडेला एक कमान तेवढी उरलीय. मी तिथे बराच वेळ उभी होते. आम्ही आमच्या मर्जीने गेलो, मोठी माणसं, नवराबायको सोबत. त्याला कोणी विचारलं नव्हतं. एवढंसं पोर, आईबाप समुद्रापलीकडे, कानावर सगळी परकी भाषा. त्याच्यासाठी कोणी भाताचं भांडं परत चुलीवर ठेवलं असेल का, एवढंच डोक्यात येत होतं. निदान पेज तरी मिळाली असेल.

कमानीचा फोटो काढून घेतलाय. परत गेल्यावर काकूंना दाखवायचाय, आता सांगण्यापुरती भाषा येते मला.