मुंग्या थांबल्या आणि मला वाटलं बरं झालं

मागच्या वर्षीची गोष्ट आहे. लेक म्हणाली आई फरशीवर हे डाग कसले गं, बघते तर दारापासून आतपर्यंत छोटे छोटे लाल ठिपके, मी फडकं घेऊन पुसायला लागले तर पुसलेल्या जागेवर परत नवीन ठिपका. माझ्याच पायाचे होते ते. टाचेत काचेचा तुकडा घुसला होता, नखाएवढा, आणि मी त्याच पायावर घरभर फिरत होते, दुखणं सोडा काही टोचतंय एवढंसुद्धा कळलं नव्हतं.

मला शुगर आहे ९ वर्षांपासून. काच घुसण्याच्या आधीची दोन वर्षं पायाला मुंग्या यायच्या, आधी फक्त अंगठे मग सगळी बोटं मग तळवे, आणि रात्री तर अशी आग व्हायची की चादर लागलेली सहन व्हायची नाही, पाय बाहेर काढून झोपायचे. मग ती आग हळूहळू कमी झाली. मी खूश, म्हटलं चला आता नसा मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनी नंतर समजावलं की दुखणं गेलं नव्हतं, दुखतंय हे सांगणारी नसच बंद पडत चालली होती. हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी लिहितेय. आग होत असेल तर त्रास आहेच पण निदान नस काहीतरी बोलतेय, ती गप्प झाली की खरी काळजी.

पायापासूनच का सुरू होतं हे मला फार उशिरा कळलं. पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस कमरेजवळून निघते, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब, आणि त्यातला एकेक तंतू हा एकाच पेशीचा धागा असतो, त्या पेशीला एवढ्या लांबच्या टोकापर्यंत सगळं पुरवायचं असतं. शुगर वाढलेली राहिली की आधी टोक मरतं. मग बधिरपणा वर सरकतो आणि साधारण गुडघ्यापर्यंत आला की हाताच्या बोटांना सुरुवात होते, मोजे आणि हातमोजे घातल्यासारखं, दोन्ही बाजूंना सारखं. एकाच हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री हात झटकल्यावर बरं वाटत असेल तर ते बहुतेक मनगटात नस दबल्यामुळे असतं, त्याचा इलाज वेगळा. आणि अचानक एका बाजूचा हातपाय बधिर झाला किंवा चार-सहा दिवसांत पायातली ताकद जाऊन ते वर चढायला लागलं तर थांबू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

तपासणी अगदी साधी निघाली. १० ग्रॅमचा दाब देणारा एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात आणि १२८ हर्ट्झचा कंप पावणारा धातूचा काटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, डोळे मिटून सांगायचं कळतंय का. मला काटा ठेवलाय हेच कळलं, थरथर नाही. नसांची करंट देऊन करतात ती टेस्ट काहींची नॉर्मल येते कारण ती जाड तंतूंची असते, आग मात्र बारीक तंतूंमधून कळते, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुणी तुम्हाला मनाचे खेळ म्हणत असेल तर ऐकू नका.

माझं बी१२ पण कमी निघालं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, गोळी स्वतःहून बंद करायची नाही पण बी१२ तपासायला सांगायचं. दारू, थायरॉईड, किडनी, केमोची काही औषधं, कुष्ठरोग, नसा खराब व्हायची कारणं खूप आहेत, म्हणून नसांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मनाने महिनोन्महिने खाऊ नका, बी६ जास्त झालं तर त्यानेच नसा खराब होतात.

आग कमी व्हायला नेहमीची पेनकिलर फारशी चालत नाही. मला रात्री प्रीगाबालिन दिलं, पहिला आठवडा नुसती गुंगी, मग जमलं. पण ते दुखण्याचं औषध आहे, नस दुरुस्त करत नाही आणि एकदम बंदही करायचं नाही. नस वाढलीच तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे महिन्याभरात फरक नाही म्हणून मी जी रडले ते उगाच होतं. माझं सगळं परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आहे ते टिकवायचं म्हणाले.

सगळ्यात घाबरले ते बेसिनपाशी. तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि मी सरळ पुढे गेले, पडताना बेसिन धरलं म्हणून वाचले. पाय कुठे आहेत हे मेंदूला पायाकडून कळत नाही, ते काम डोळे करत असतात, डोळे मिटले की तोल गेला. तेव्हापासून रात्री छोटा दिवा चालू असतो आणि तोंड धुताना एक हात बेसिनवर.

बाकी आता सवयी झाल्यात. घरातपण अनवाणी नाही. पाणी कोपराने बघायचं, कारण बोटांवरही आता भरवसा नाही, शर्टाचं बटण लावायलासुद्धा बघावं लागतं. गरम पाण्याची पिशवी लेकीने काढूनच टाकली. बूट उलटे करून झटकायचे, आत बघायचं, मग घालायचे. क्रीम तळव्याला आणि टाचेला, बोटांच्या मध्ये नाही, तिथे ओल राहते. कुरूप असेल तर घरी ब्लेड लावायचं नाही.

आणि रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघायचे, मला नीट दिसत नाही तिथे लेक बघते. परवा तिला उजव्या करंगळीखाली लाल दिसलं, मला काहीच जाणवत नव्हतं. नवीन बुटाची आतली शिवण घासत होती. बूट बाजूला ठेवले, आज सकाळी बघितलं तर लाली उतरलीये.